'म्हणून'च्या आधी काय? विद्यार्थ्यांना चिकित्सक विचार शिकवून त्यांचं लेखन सुधारण्याच्या पायऱ्या

आधी एका विद्यार्थिनीने लिहिलेला हा परिच्छेद वाचा.

"मोबाइलमुळे विद्यार्थ्यांची एकाग्रता कमी होत चालली आहे. आजकाल बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात मोबाइल दिसतो. तज्ज्ञांच्या मते मोबाइलचा अतिवापर घातक आहे. म्हणून शाळांमध्ये मोबाइलवर संपूर्ण बंदी घातली पाहिजे."

शुद्धलेखन ठीक आहे, वाक्यं नीट आहेत. लाल पेन घेऊन बसलं तर खूण करायला जागा सापडत नाही. तरीही वाचून हाती काही लागत नाही, कारण ही चार वाक्यं नुसती शेजारीशेजारी उभी आहेत. एकानेही दुसऱ्याला धरलेलं नाही. शिकवायला लागले तेव्हा मी अशा परिच्छेदाखाली "अधिक स्पष्ट करा" असा शेरा लिहायचे. विद्यार्थी तेच वाक्य थोडं लांबवून परत आणायचे. काय स्पष्ट करायचं हे त्यांना कळत नव्हतं आणि मीही ते सांगितलेलं नव्हतं.

हा लेख निबंध, प्रकल्प अहवाल किंवा शोधनिबंध लिहून घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी आहे. विद्यार्थ्यांचं कमकुवत लेखन बहुतेक वेळा भाषेमुळे कमकुवत नसतं. विचार अर्ध्यावर थांबलेला असतो आणि तो नेमका 'म्हणून' या शब्दापाशी थांबलेला असतो. तिथे काम केलं की लेखन बदलायला लागतं.

कॅनडातले संशोधक कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी १९८७ साली लेखनाच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या. पहिल्या तऱ्हेत लिहिणारा विषयाबद्दल जे आठवेल ते एकामागून एक सांगत जातो. दुसरीत तो लिहिता लिहिता स्वतःची समजूत तपासतो, बदलतो, नव्याने बांधतो. नवशिके बहुतेक पहिल्या तऱ्हेने लिहितात आणि ते स्वाभाविकही आहे. शाळेत वर्षानुवर्षं "माहिती लिहा" एवढंच सांगितलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या तऱ्हेकडून दुसरीकडे नेण्यासाठी आहेत.

सुरुवातीआधी: चिकित्सा म्हणजे काय, हे स्वतःशी ठरवा

'चिकित्सक' म्हटलं की विद्यार्थ्यांना वाटतं, आता दोष काढायचे. हा गैरसमज पहिल्याच तासाला दूर केला पाहिजे. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. मराठीत आपण 'वितंडवाद' म्हणतो तो इथूनच आला. वर्गाला हे तीन शब्द द्या आणि सांगा, आपल्याला पहिल्या प्रकारचं लेखन करायचं आहे. त्यात स्वतःची बाजू मांडण्याची जबाबदारीही येते.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट एनिस यांची व्याख्या मला शिकवताना सर्वांत उपयोगी पडते: काय मानायचं आणि काय करायचं हे ठरवण्यासाठी केलेला सकारण, विचारपूर्वक विचार. 'ठरवणं' हा त्यातला महत्त्वाचा भाग. नुसत्या शंका काढून थांबणं म्हणजे चिकित्सा नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. विचार हवेत शिकवता येत नाही. ज्या विषयाची पुरेशी माहिती नाही, त्याची चिकित्सा हुशार माणसालाही जमत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये हा मुद्दा फार ठामपणे मांडला. म्हणून लेखनाचा विषय तुम्ही वर्गात शिकवलेल्या भागातूनच निवडा. पण विषय चांगला शिकवला की विचार आपोआप येईल, असंही धरून चालू नका. २००८ मध्ये फिलिप अब्रामी आणि सहकाऱ्यांनी ११७ अभ्यास एकत्र तपासले. विचाराची कौशल्यं नाव घेऊन, स्वतंत्रपणे शिकवली आणि ती विषयातही वापरायला लावली, तिथे सर्वांत चांगला परिणाम दिसला. विषय शिकवताना ती आपसूक रुजतील असं गृहीत धरलं, तिथे सर्वांत कमी.

पायरी १: विषय देऊ नका, प्रश्न करून घ्या

"मोबाइल: शाप की वरदान" या विषयावर विचार करणं जवळजवळ अशक्य आहे. कोणाला शाप, कशासाठी वरदान, हे ठरलेलंच नाही. विद्यार्थी तीन फायदे, तीन तोटे आणि शेवटी "अति तिथे माती" लिहून मोकळा होतो.

विषय फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून त्याचे दहा प्रश्न करून घ्या. मग प्रत्येक प्रश्नाला तीन कसोट्या लावा. दोन समंजस माणसं याची वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात का? कोणता पुरावा मिळाला तर माझं उत्तर बदलेल, हे सांगता येतं का? दिलेल्या शब्दांत आणि दिलेल्या वेळात हा प्रश्न मावतो का?

"मोबाइल वाईट आहे का?" हा प्रश्न दुसऱ्या कसोटीवर पडतो. "मोबाइल बंद असला तरी बाकावर समोर असेल, तर धड्यावरचं लक्ष कमी होतं का?" हा तिन्हींवर टिकतो. दुसऱ्या कसोटीवर जरा जास्त वेळ घालवा. "कशाने माझं मत बदलेल?" हा प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांना कधीच कोणी विचारलेला नसतो. पहिल्यांदा विचारला की वर्गात शांतता पसरते. ती शांतता घाईने भरून काढू नका.

पायरी २: वाक्यांची जात ओळखायला लावा

ही छोटी पायरी आहे, एक तास पुरतो. एखादा छापील लेख घ्या आणि तीन रंगांनी वाक्यं अधोरेखित करायला सांगा: तपासून पाहता येईल अशी वस्तुस्थिती, वस्तुस्थितीवरून काढलेलं अनुमान, आणि चांगलं-वाईट ठरवणारं मूल्यमत. एका वाक्यावर दोघांचे रंग वेगळे आले की तिथे थांबा, कारण खरा धडा त्या मतभेदात असतो. "शहरातली हवा बिघडली आहे" हे वाक्य काहींना वस्तुस्थिती वाटेल, काहींना मत. कोणत्या मोजमापाने बिघडली आणि कधीच्या तुलनेत, हे सांगितलं की ते पहिल्या रंगात जातं. नंतर हेच रंग स्वतःच्या जुन्या निबंधावर वापरायला सांगा. अख्ख्या पानावर एकच रंग दिसला की विद्यार्थ्याला वेगळा शेरा लागत नाही.

पायरी ३: 'म्हणून' उघडून दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन आठवडे दिले तरी फुकट जात नाहीत.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, ती लेखनाच्या वर्गात अजून कामाला येते. रोजच्या वादात माणूस काही एक दावा करतो आणि त्याला आधार देतो. पण आधारावरून दाव्यापर्यंत जायला मधे एक दुवा लागतो आणि हा दुवा बहुतेक वेळा बोललाच जात नाही. टूल्मिन यांच्या रचनेत पुढे आणखी तीन भाग येतात: दुव्यामागचा आधार, दाव्याची खात्री किती हे सांगणारा शब्द, आणि दावा कुठे लागू पडणार नाही याची नोंद. सुरुवातीला सहाही भाग शिकवायला जाऊ नका. दावा, आधार, दुवा, एवढेच तीन घ्या.

फळ्यावर लिहा: "नवी पद्धत आणल्यावर विद्यार्थ्यांचे गुण वाढले, म्हणून नवी पद्धत चांगली आहे."

आता विचारा, 'म्हणून'च्या आत कोणतं वाक्य लपलंय? पहिलं उत्तर येईल, "चांगल्या पद्धतीने गुण वाढतात." त्याला होकार द्या आणि पुढे विचारा, आणखी काय गृहीत धरलंय? हळूहळू बाहेर येतं: दोन्ही परीक्षा सारख्याच अवघड होत्या. विद्यार्थी तेच होते. शिक्षक बदलले नव्हते. मधल्या काळात शिकवणी लावलेली नव्हती. गुण वाढणं म्हणजेच शिकणं वाढणं. दोन ओळींच्या वाक्यात पाच गृहीतकं सापडतात आणि त्यांतलं एक खोटं निघालं तरी 'म्हणून' ढासळतो.

हा सराव रोज पाच मिनिटं करा. काही वाक्यं देते, बाकीची वर्तमानपत्रांतून आणि विद्यार्थ्यांच्याच वह्यांतून मिळतील.

"ग्रंथालयात जास्त वेळ बसणाऱ्यांना जास्त गुण मिळतात, म्हणून ग्रंथालयात बसल्याने गुण वाढतात." इथे दोन गोष्टी सोबत घडतात यावरून एकीमुळे दुसरी घडते असं मानलंय. अभ्यासाची आवडच दोन्हींमागे असू शकते.

"माझ्या आजोबांनी कधी व्यायाम केला नाही आणि ते ९० वर्षं जगले, म्हणून व्यायाम गरजेचा नाही." इथे एका माणसावरून सगळ्यांबद्दल बोललं गेलंय.

"हा उपाय शेकडो वर्षं वापरात आहे, म्हणून तो गुणकारी आहे." यातलं लपलेलं वाक्य विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

तर्कदोषांची लांबलचक यादी पाठ करून घेण्याच्या मी विरोधात आहे. यादी हातात आली की विद्यार्थी दुसऱ्याच्या लेखनावर नावं चिकटवत सुटतात आणि स्वतःच्या लेखनाकडे बघत नाहीत. लपलेलं वाक्य शोधायची सवय लागली की दोष नावाशिवायही दिसतो.

दुवा कळल्यावर खात्रीच्या शब्दांकडे वळा. विद्यार्थ्यांच्या लेखनात 'नक्कीच', 'निःसंशय', 'सर्वांना माहीतच आहे की' असे शब्द पुराव्याच्या जागी येऊन बसतात. एक पट्टी तयार करून भिंतीवर लावा: 'शक्य आहे', 'काही वेळा', 'बहुधा', 'बहुतेक वेळा', 'आतापर्यंतच्या सर्व नोंदींत'. प्रत्येक दाव्यासाठी पुराव्याला पेलेल असा शब्द निवडायला लावा. काही विद्यार्थी मग दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक वाक्यात 'कदाचित' घालतात. त्यांना सांगा, जिथे पुरावा भक्कम आहे तिथे ठाम लिहिणं हाही प्रामाणिकपणाच आहे.

पायरी ४: एक खरी गोष्ट, शेवटपर्यंत

सुट्या वाक्यांवरचा सराव झाल्यावर एक पूर्ण उदाहरण हवं. मी डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचं घेते. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी.

वर्गाला सुरुवातीला एवढंच सांगा. मग विचारा, फरक कशामुळे असेल? जेवढी कारणं येतील तेवढी फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाचं 'जर-तर' वाक्य करून घ्या. जर गर्दी हे कारण असेल, तर जास्त गर्दीच्या विभागात जास्त मृत्यू दिसायला हवेत. आता नवी माहिती द्या: गर्दी दुसऱ्या विभागात जास्त होती. ते कारण खोडा. अंतिम संस्काराला जाणारा धर्मगुरू घंटा वाजवत पहिल्या विभागातून जात असे. त्या भीतीने स्त्रिया खचत असतील का? सेमेलवाइस यांनी त्याला घंटेविना, दुसऱ्या वाटेने जायला लावलं. मृत्यू कमी झाले नाहीत. पहिल्या विभागात प्रसूतीच्या वेळी निजण्याची पद्धत वेगळी होती. ती बदलून पाहिली, तरी फरक नाही.

मग १८४७ मधली घटना सांगा. याकोब कोलेच्का या त्यांच्या सहकाऱ्याला शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम झाली आणि बाळंतिणींसारखीच लक्षणं दिसून तो मरण पावला. पहिल्या विभागातले विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. इथे थांबा. पुढचं 'जर-तर' वाक्य विद्यार्थ्यांना लिहू द्या. बहुतेकांना ते जमतं आणि जमल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लागू झाला. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूंचं प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आलं.

आता लेखन. प्रत्येक कारणासाठी चार वाक्यांचा एक परिच्छेद: शक्यता काय होती, ती खरी असती तर काय दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं. असे चार परिच्छेद झाले की विद्यार्थ्याच्या हातात पहिला खराखुरा युक्तिवाद असतो. ही चौकट पुढे इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, कुठेही वापरता येते. एखाद्या कवितेचा अर्थ लावतानाही "हा अर्थ खरा असेल तर तिसऱ्या कडव्यात काय दिसायला हवं?" असं विचारता येतं.

गोष्ट इथे संपवू नका. अनेक समकालीन डॉक्टरांनी सेमेलवाइस यांचं म्हणणं मानलं नाही. जंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता, त्यामुळे हात धुण्याने मृत्यू का टळतात याचं पटणारं स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांचं सविस्तर पुस्तक निघालं ते थेट १८६१ मध्ये. वर्गाला विचारा: आधार भक्कम, दुवा अपुरा आणि लेखन चौदा वर्षं उशिरा, तुम्ही त्या काळातले वाचक असतात तर तुम्हाला पटलं असतं का? यावर लिहून घेतलेले परिच्छेद मला दर वेळी सर्वांत चांगले मिळतात.

पायरी ५: पूर्वपक्ष लिहायला शिकवा

जुन्या शास्त्रग्रंथांची रीत अशी: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत पूर्ण ताकदीने मांडायचं, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला उत्तर, मग सिद्धांत, म्हणजे ठरलेला निष्कर्ष. विद्यार्थ्यांच्या निबंधात याच्या उलट घडतं. "काही लोक म्हणतात मोबाइल उपयोगी आहे, पण ते चूक आहे" एवढ्यात विरोधकाला निकालात काढलेलं असतं.

वर्गाला एकच नियम द्या. तुम्ही लिहिलेला पूर्वपक्ष विरुद्ध मताच्या माणसाने वाचला, तर त्याने "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हटलं पाहिजे. तोवर उत्तर लिहायला सुरुवात करायची नाही. हे तपासायला जोड्या करा. एकाने दुसऱ्याचं मत लिहायचं, दुसऱ्याने मान्यता द्यायची किंवा दुरुस्ती सुचवायची. दोन-तीन फेऱ्या लागतात. आवाज वाढतो, वर्ग गजबजतो, वाढू द्या.

पूर्वपक्षाला उत्तर देण्याचे तीन मार्ग त्यांना दाखवा. पहिला, आधार किंवा दुवा चुकीचा आहे हे दाखवून तो खोडणं. दुसरा, "हे खरं आहे, पण माझ्या प्रश्नाला लागू नाही" असं कारण देऊन बाजूला ठेवणं. तिसरा, त्यातलं तथ्य मान्य करून स्वतःचा दावा आवरता घेणं. तिसरा मार्ग विद्यार्थ्यांना हार वाटते. त्यांना सुरुवातीच्या परिच्छेदातली 'संपूर्ण बंदी' दाखवा. एखाद्या विद्यार्थ्याला ऐकू येत नाही आणि तो फोनवरच्या अॅपमधून शिक्षकांचं बोलणं वाचतो, त्याचं काय? हा पूर्वपक्ष मान्य केला की 'संपूर्ण' हा शब्द काढावा लागतो आणि उरलेला दावा आधीपेक्षा मजबूत होतो.

कधी असंही होतं की पूर्वपक्ष लिहिता लिहिता विद्यार्थ्याला तोच पटतो. मुदत जवळ आलेली असते, तो घाबरून येतो आणि विचारतो, आता काय करू? त्याला नव्या बाजूने लिहू द्या, हवे तर दोन दिवस वाढवून द्या, आणि मत का बदललं हे प्रस्तावनेत लिहायला सांगा. ज्या कामासाठी आपण हे सगळं शिकवतो, ते त्याच्या बाबतीत घडलेलं असतं.

पायरी ६: 'तज्ज्ञांच्या मते' या शब्दांना थांबवा

हे दोन शब्द दिसले की समासात तीन प्रश्न लिहा: कोण? कशावरून? कोणाबद्दल? तिसरा प्रश्न सर्वांत जास्त निसटतो. प्रौढांवर केलेला अभ्यास लहान मुलांना लावला जातो, एका देशातले आकडे सगळ्या जगाचे म्हणून येतात.

इंटरनेटवरचा मजकूर तपासण्याची पद्धत वेगळी शिकवावी लागते. अमेरिकेतले संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी, आणि बरेचसे इतिहासतज्ज्ञही, त्याच पानावर थांबून नाव, मांडणी, बोधचिन्ह यांवरून अंदाज बांधत राहिले. तथ्यतपासनीस चटकन पान सोडून दुसऱ्या खिडक्या उघडत आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघत. त्यांचे निष्कर्ष जास्त अचूक होते आणि वेळही कमी लागला. ही 'आडव्या वाचना'ची सवय वर्गात मोठ्या पडद्यावर एकदा करून दाखवा. नुसतं सांगून ती लागत नाही.

टिपणं काढताना पानाच्या मधोमध रेघ मारायला सांगा. डावीकडे संदर्भात काय म्हटलंय ते, उजवीकडे स्वतःचा प्रश्न, शंका, दुसऱ्या संदर्भाशी जुळणारं किंवा न जुळणारं काही. उजवी बाजू रिकामी असेल तर लिहायला बसायचं नाही. आणि निबंधात अवतरण आलं की त्याच्यानंतर किमान दोन वाक्यं स्वतःची हवीत: याचा अर्थ मी काय घेतो, आणि माझ्या दाव्याला याने नेमकी काय मदत होते.

एआयकडून लिहून आणलेल्या मजकुराबद्दल नवे शिक्षक नेहमी विचारतात. तो मजकूर ओळखायच्या मागे लागण्यापेक्षा मी विद्यार्थ्याला समोर बसवते, त्याच्याच लेखनातला एक 'म्हणून' दाखवते आणि विचारते, इथे काय गृहीत धरलंय? ज्याने विचार केलाय तो बोलायला लागतो. ज्याने केला नसेल त्याला तिथल्या तिथे विचार करायला लावता येतं.

पायरी ७: पुनर्लेखन, आणि तुमचे शेरे

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि अनुभवी लेखक आपलं लेखन कसं सुधारतात याची तुलना केली. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलतात. पुनर्लेखन म्हणजे शब्दांची सफाई, असं ते मानतात. अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत असतात आणि त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद हलवतात, टाकून देतात. आपले शेरे विद्यार्थ्यांना पहिल्या प्रकाराकडे ढकलतात. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा केल्या तर तो ऱ्हस्व-दीर्घच सुधारणार. जो परिच्छेद कदाचित पूर्ण काढून टाकायचा आहे, त्यातला इकार दुरुस्त करून कोणाचं भलं होणार?

पहिल्या खर्ड्यावर भाषेच्या चुका सोडून द्या. फक्त दोन प्रश्न लिहा, तेही त्या लेखनालाच लागू पडतील असे. "स्पष्ट करा", "विस्तार करा", "संदर्भ द्या" हे शेरे कुठल्याही निबंधाखाली चालतात, म्हणून ते कुठेच उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी "हा आकडा कोणत्या वयाच्या मुलांचा आहे?" किंवा "दुसऱ्या परिच्छेदात मोबाइल उपयोगी म्हटलंय, चौथ्यात बंदी मागितली आहे; मधे काय घडलं?" असं लिहा.

विद्यार्थ्याने स्वतः करायचं काम म्हणजे उलटा आराखडा. लिहून झालेल्या निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य करून वेगळ्या कागदावर लिहायचं आणि फक्त तो कागद वाचायचा. दोन वाक्यांमध्ये 'म्हणून', 'पण', 'शिवाय', 'उदाहरणार्थ' यांपैकी काय येतं ते लिहायचं. जिथे काहीच बसत नाही तिथे काहीतरी सुटलंय. जिथे सगळीकडे 'शिवाय'च येतं, तिथे युक्तिवादाची नुसती यादी झाली आहे.

पायरी ८: गुण कशाला देता ते आधी सांगा

गुण जिथे असतात तिथे विद्यार्थी मेहनत करतात. २० गुणांचा निबंध असेल तर मी प्रश्न आणि दाव्याला ४, आधार आणि दुव्याला ७, पूर्वपक्षाला ४, संदर्भांच्या हाताळणीला ३ आणि भाषेला २ देते. ही वाटणी लेखन सुरू व्हायच्या आधी वर्गाला सांगते. तुमच्या संस्थेत निकष ठरलेले असतील तर किमान पहिल्या खर्ड्यापुरती ही मोकळीक मागून घ्या.

वाटेत येणाऱ्या अडचणी

"सरळ सांगा ना, कोणतं मत लिहायचं?" हा प्रश्न येणारच. इतकी वर्षं शिक्षकांचं मत ओळखून तेच लिहिण्याचे गुण मिळालेले असतात, तेव्हा त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. वर्गासमोर माझाच एखादा परिच्छेद ठेवते आणि त्यातला कच्चा 'म्हणून' शोधायला लावते. तो सापडला की तिथल्या तिथे मान्य करून दुरुस्त करते. शिक्षकांशी मतभेद ठेवून लिहिता येतं, हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

दुसरं टोक म्हणजे "ज्याचं त्याचं मत." विल्यम पेरी यांनी हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७० मध्ये मांडलं की विद्यार्थी आधी बरोबर-चूक अशा दोनच खणांत विचार करतात आणि पुढे सगळीच मतं सारखी मानण्याच्या टप्प्यावर येतात. त्या टप्प्याला रागावू नका, पण तिथे थांबूही देऊ नका. दोन मतं शेजारी ठेवून विचारा: तुझ्या आईच्या उपचाराचा निर्णय यांतल्या एकावर घ्यायचा असेल, तर कोणत्या मताला जास्त आधार लागेल?

आणि वेळ. आठवड्याला एकच पायरी घ्या. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून दोन तासांत आठही पायऱ्या उरकल्या तर विद्यार्थ्यांच्या वहीत फक्त नव्या संज्ञांची यादी वाढते.

सुरुवातीचा परिच्छेद लिहिणाऱ्या मुलीने आठ आठवड्यांनी त्याच विषयावर हे लिहून आणलं:

"मोबाइल जवळ असल्याने धड्यावरचं लक्ष कमी होतं का, हे मी फक्त आमच्या वर्गापुरतं पाहिलं. आम्ही वीस जणांनी दोन आठवडे, तासाला आपण किती वेळा मोबाइलकडे पाहिलं याची नोंद ठेवली. मोबाइल दप्तरात ठेवलेल्या तासांना ही संख्या बाकावर ठेवलेल्या तासांपेक्षा कमी होती. पण नोंद आम्हीच ठेवत होतो, त्यामुळे काही वेळा लिहायचं राहिलं असेल. शिवाय कमी वेळा पाहिलं म्हणजे लक्ष वाढलं, हे मी गृहीत धरलं आहे; ते वेगळं तपासावं लागेल. या नोंदींवरून बंदीची मागणी करता येत नाही. मोबाइल दप्तरात ठेवायला सांगून पाहावं, इतकंच म्हणता येतं."

मी समासात एक प्रश्न लिहून वही परत दिली: दप्तरात ठेवलेले तास आणि बाकावर ठेवलेले तास एकाच विषयाचे होते का?